किल्ली-व्यवस्थापन सर्व्हर दोन आवृत्त्या मागे आहे: जागच्या जागी अपग्रेड करावे की समांतर क्लस्टर उभारावा?

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार,

मी पुण्यातील एका वित्तसंस्थेच्या माहिती-सुरक्षा विभागात काम करतो. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळण्यासाठी आमच्याकडे एक व्यावसायिक सॉफ्टवेअर आहे. (‘की’ असे लिहिले तर मराठी वाक्यात दर वेळी अडखळायला होते, म्हणून सगळीकडे किल्ली असेच लिहितो.) त्याचे चार नोड आहेत: दोन नवी मुंबईच्या मुख्य डेटा सेंटरमध्ये आणि दोन हैदराबादच्या डीआरमध्ये (आपत्तीच्या वेळी वापरायच्या पर्यायी केंद्रात). चारही एकाच क्लस्टरमध्ये असून सर्व किल्ल्यांवर आवरण घालणारी मूळ किल्ली दोन्ही ठिकाणच्या एचएसएममध्ये (किल्ल्या सुरक्षित ठेवणाऱ्या खास हार्डवेअर उपकरणात) आहे.

आमची आवृत्ती दोन मोठ्या टप्प्यांनी मागे राहिली आहे. उत्पादकाचा सपोर्ट संपत आला आहे. शिवाय एचएसएमच्या फर्मवेअरचे प्रमाणपत्र एफआयपीएस १४०-२ या अमेरिकी सुरक्षा-मानकाखालचे आहे आणि ती सर्व प्रमाणपत्रे सप्टेंबर २०२६ मध्ये चालू यादीतून ऐतिहासिक यादीत जाणार असल्यामुळे ऑडिटरांनी हा मुद्दा आमच्या अहवालात ‘अतिजोखमीचा’ म्हणून नोंदवला आहे. या सर्व्हरवर अकरा ओरॅकल डेटाबेसचे टीडीई (साठवलेला डेटा आपोआप एन्क्रिप्ट करणारी सोय), व्हीसेंटरवरील (व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन-सर्व्हरवरील) एन्क्रिप्टेड व्हर्च्युअल मशीन, केएमआयपीने (किल्ल्या मागण्या-देण्याच्या प्रमाणित प्रोटोकॉलने) बोलणारी टेप लायब्ररी आणि दोन जावा ॲप्लिकेशन अवलंबून आहेत. त्यांपैकी एक ॲप्लिकेशन आधार डेटा व्हॉल्टचे (आधार क्रमांक वेगळे साठवणाऱ्या कोठाराचे) आहे, आणि यूआयडीएआयच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार त्याच्या किल्ल्या एचएसएममध्येच ठेवाव्या लागतात.

आमच्यात दोन मते आहेत. डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना नव्या आवृत्तीचा वेगळा क्लस्टर उभारून एकेक डेटाबेस तिकडे न्यावा असे वाटते. व्हेंडरच्या अभियंत्याचे म्हणणे असे की मधल्या एका आवृत्तीवरून जागच्या जागीच अपग्रेड करावे. चार तासांत काम होईल. मला दोन्ही बाजूंची धास्ती वाटते. आजवर आम्ही वेब सर्व्हर, ॲप्लिकेशन सर्व्हर, अगदी कोअर बँकिंगचे पॅचही केले आहेत, पण तिथे काही बिघडले तर आधीच्या बॅकअपवर परत जाता येते, हा आधार असतो. इथे परत जाणे म्हणजे नेमके काय, हेच मला उमगलेले नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कोणता मार्ग निवडला, परतीची तयारी कशी केली आणि अपग्रेडच्या निमित्ताने आणखी काय सुधारून घेतले, हे सांगितल्यास फार मदत होईल.

अजिंक्यतारा

परतीच्या वाटेबद्दलचा तुमचा प्रश्नच या सगळ्या कामाचा गाभा आहे, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

समजा, रात्री अकरा वाजता तुम्ही बॅकअप घेतला, अपग्रेड केले, सगळे सुरळीत दिसले आणि सकाळी सहाला काहीतरी बिघडले म्हणून अकराच्या बॅकअपवर परत आलात. मधल्या सात तासांत टेप लायब्ररीने नव्या टेपसाठी किल्ल्या मागितल्या असतील, कोणीतरी नवी व्हर्च्युअल मशीन एन्क्रिप्ट केली असेल, एखाद्या डेटाबेसची मास्टर किल्ली ठरलेल्या वेळापत्रकानुसार बदलली असेल. या सगळ्या किल्ल्या अकराच्या बॅकअपमध्ये नाहीत. तुमचा सर्व्हर उत्तम चालेल, पण त्या सात तासांत लिहिलेला डेटा कायमचा न वाचता येण्यासारखा होईल. म्हणून अपग्रेडच्या काळात नवी किल्ली तयार होऊ न देणे ही पहिली अट आहे. रात्रीचे टेप बॅकअप थांबवा, किल्ली बदलण्याची वेळापत्रके बंद करा, व्हीसेंटरच्या मंडळींना नव्या एन्क्रिप्टेड मशीन बनवू नका असे लेखी कळवा, आणि सर्व्हरवरच किल्ली तयार करण्याचा अधिकार तात्पुरता काढून घेता येत असेल तर तोही काढा. ही बंदी सर्व चाचण्या संपेपर्यंत उठवू नका.

आता समांतर क्लस्टरबद्दल. ऐकायला तो मार्ग सुरक्षित वाटतो, पण केएमआयपीमध्ये प्रत्येक किल्लीला सर्व्हरने दिलेला एक अनन्य ओळखक्रमांक असतो. जुन्या सर्व्हरवरून किल्ली काढून नव्या सर्व्हरवर केएमआयपीच्या साध्या नोंदणी-आज्ञेने भरली, तर नवा सर्व्हर तिला नवा क्रमांक देतो. किल्लीचे बाइट तेच राहतात, क्रमांक मात्र बदलतो. व्हीसेंटर स्वतःकडे किल्ली ठेवत नाही, फक्त हा क्रमांक ठेवतो. तो क्रमांक नव्या सर्व्हरला माहीत नसेल तर मशीन सुरू होणार नाही. एन्क्रिप्टेड टेपवरही कोणती किल्ली वापरली याची खूण लिहिलेली असते, आणि तीच खूण घेऊन लायब्ररी सर्व्हरकडे येते. म्हणून समांतर मार्ग घ्यायचाच असेल तर उत्पादकाच्या स्वतःच्या बॅकअप-स्वरूपातून, म्हणजे ओळखक्रमांक जसेच्या तसे ठेवून, किल्ल्या हलवता येतात का, हे लेखी विचारा. तसे लेखी उत्तर मिळत नसेल तर मी मधल्या आवृत्तीवरून जागच्या जागी अपग्रेड करण्याच्या बाजूने आहे, कारण त्यात ओळखक्रमांक, आयपी पत्ते आणि प्रमाणपत्रे यांपैकी काहीच हलत नाही.

क्रम ठरवताना डीआरपासून सुरुवात करा. हाशीकॉर्पच्या व्हॉल्ट या किल्ल्या व गुपिते सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शनातही राखीव नोड आधी आणि सक्रिय नोड शेवटी, तसेच प्रतिकृतीचा दुय्यम क्लस्टर आधी आणि मुख्य क्लस्टर नंतर असाच क्रम सांगितला आहे. नव्या आवृत्तीने साठ्याची रचना बदलली की जुन्या आवृत्तीला तो साठा वाचता येईल अशी हमी तिथेही नाही. परत जायचे ते जुना स्नॅपशॉट भरूनच. तुमच्या उत्पादनातही असेच असण्याची शक्यता मोठी आहे. एक नोड क्लस्टरमधून सोडवून, बंद करून जुन्या आवृत्तीवरच बाजूला ठेवता आला तर जरूर ठेवा.

यानंतर मूळ किल्ली. सर्व्हरचा बॅकअप एचएसएममधल्या मूळ किल्लीखाली बंद असतो, त्यामुळे बॅकअप फाइल हाती आहे एवढ्यावर समाधान मानू नका. मुख्य नेटवर्कपासून तोडलेल्या एका रिकाम्या मशीनवर, फक्त हैदराबादचा एचएसएम वापरून, तो बॅकअप भरून पाहा आणि त्यातली एक किल्ली प्रत्यक्ष वापरून काहीतरी उलगडून पाहा.

याच टप्प्यावर आमच्याकडे जे घडले ते सांगतो. आमच्या एचएसएमला पाचांपैकी तीन स्मार्ट कार्डे लागत असत. हे विभाजन अदी शामीर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे आहे: तीन भाग जुळले तरच गुपित उलगडते आणि दोन भागांतून त्याबद्दल काहीही कळत नाही. अपग्रेडच्या रात्री दोन वाजता आम्ही तीन कार्डधारक डेटा सेंटरच्या पिंजऱ्यात उभे होतो. पाकिटे सीलबंद होती आणि रजिस्टरमधले क्रमांक जुळत होते. मी माझे कार्ड घातले, पिन बरोबर आला. दुसऱ्या सहकाऱ्याचाही आला. तिसऱ्याने चार वर्षांत कार्ड एकदाही वापरले नव्हते. दोनदा पिन चुकला, आणि तिसऱ्यांदा चुकला तर कार्ड कायमचे बंद होणार, म्हणून त्याने हात मागे घेतला. चौथे कार्ड नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थांच्या नावावर होते आणि त्याचा पिन कोणाकडेही नव्हता. पाचव्या कार्डाच्या बाई लग्नकार्यासाठी साताऱ्याला गेल्या होत्या. त्या पहाटे निघून साडेसातला पोहोचल्या आणि मग काम पुढे सरकले. तोवरचे साडेपाच तास आम्ही अर्धवट अपग्रेड झालेल्या क्लस्टरकडे पाहत बसलो होतो. त्यानंतर आम्ही दर सहा महिन्यांनी पाचही जणांना बोलावून पिन तपासायला सुरुवात केली, आणि कार्डधारकाने राजीनामा दिला की त्याच आठवड्यात नव्या माणसाला सामावून विभाजन पुन्हा करायचे, असा नियम मनुष्यबळ विभागाच्या कार्यपद्धतीतच घातला. तुम्ही चेंज रिक्वेस्ट टाकण्यापूर्वी आधी ही पाच माणसे शोधा.

शेवटची गोष्ट चाचणीची. अपग्रेडनंतर सगळे हिरवे दिसते याला फारसा अर्थ नसतो. चालू असलेल्या ईएसएक्सआय होस्टच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरच्या) स्मृतीत किल्ल्या आधीच असतात, त्यामुळे किल्ली-सर्व्हर पूर्ण बंद असला तरी मशीन चालू राहतात. दोष दिसतो तो होस्ट रीबूट झाल्यावर, कदाचित तीन आठवड्यांनी. व्हीस्फिअर ७.० अपडेट २ पासून टीपीएम या सुरक्षा-चिपच्या आधारे होस्टवरच किल्ल्या टिकवून ठेवण्याची सोय आहे. ती चालू असेल तर रीबूटनंतरही दोष लपलेला राहील, तेव्हा आधी ते तपासा. खरी चाचणी म्हणजे एक होस्ट रिकामा करून रीबूट करणे आणि त्यावर एन्क्रिप्टेड मशीन सुरू करणे, एका चाचणी-डेटाबेसचे किल्ली-कोठार बंद करून तो डेटाबेस पुन्हा सुरू करणे, आणि तुमच्याकडची सर्वांत जुनी टेप वाचून दाखवणे. या तिन्ही चाचण्या अपग्रेडच्या आधीही करा. नाहीतर बिघाड जुना की नवा यावरच वाद सुरू होतो.

रातराणी

अजिंक्यतारा यांनी मुख्य ते सांगितले आहे. मी फक्त जोडणीबद्दल लिहिते, कारण माझ्या अनुभवात अपग्रेड फसतात ते बहुधा तिथे.

जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या टीएलएस प्रोटोकॉलच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ ने अधिकृतपणे बाद झाल्या, आणि नव्या आवृत्त्यांचे सर्व्हर सहसा १.२ पासूनच बोलतात. डेटाबेस आणि ॲप्लिकेशनची मंडळी कधी ना कधी पॅच करतात, पण टेप लायब्ररीच्या फर्मवेअरला वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही. अपग्रेडच्या किमान दोन आठवडे आधी ५६९६ या केएमआयपीच्या पोर्टवरची रहदारी टिपा आणि कोणता क्लायंट कोणत्या टीएलएस आवृत्तीने, कोणत्या प्रमाणपत्राने येतो याची यादी करा. एसएचए-१ ने सही केलेली किंवा १०२४ बिटांच्या आरएसए किल्लीची प्रमाणपत्रे सापडली तर ती आधी बदला, अपग्रेडच्या रात्री नव्हे.

प्रमाणपत्र बदलताना एक काळजी घ्या. केएमआयपीमध्ये दोन्ही बाजू प्रमाणपत्राने ओळख देतात, आणि बऱ्याच सर्व्हरांत किल्लीचा मालक कोण हे क्लायंटच्या प्रमाणपत्रातील नावावरून ठरते. कोणी उत्साहाने नव्या नामकरण-पद्धतीप्रमाणे वेगळ्या नावाचे प्रमाणपत्र काढले, तर जोडणी व्यवस्थित होते पण क्लायंटला स्वतःच्याच जुन्या किल्ल्या दिसत नाहीत.

दुसरी अडचण मी स्वतः तीन तास शोधत बसले होते. नव्या सर्व्हरमध्ये ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) होते. जुनी पी१२ फाइल (प्रमाणपत्र आणि त्याची खाजगी किल्ली एकत्र ठेवणारी) भरताना ती ‘असमर्थित’ एवढाच संदेश देऊन नाकारली जात होती, आणि मी पासवर्ड चुकतो आहे असे समजून पुन्हा पुन्हा टाकत होते. खरे कारण असे की जुन्या साधनांनी बनवलेल्या पी१२ फाइलींमध्ये प्रमाणपत्रांवर ४० बिटांचे आरसी२ हे जुने एन्क्रिप्शन वापरलेले असते आणि ओपनएसएसएल ३ मध्ये ते मूळ संचातून काढून ‘लेगसी’ संचात टाकले आहे. लेगसी पर्याय देऊन फाइल उघडायची आणि एईएस या आजच्या एन्क्रिप्शनने पुन्हा बांधायची, एवढाच उपाय होता. २०२१ पूर्वीच्या सगळ्या पी१२ फाइली आजच एकदा उघडून पाहा.

पायवाट (धागाकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. रातराणी, तुमचे वाचून आज दुपारी पाहिले तर टेप लायब्ररी खरोखरच टीएलएस १.० वर आहे. फर्मवेअरसाठी विनंती टाकली आहे. कार्डधारकांपैकी चार जण संस्थेत आहेत. पाचवे निवृत्त झाले आहेत, पण त्यांचे कार्ड रीतसर हस्तांतरित झालेले दिसते. सोमवारी सर्वांचे पिन तपासणार आहे.

एक नवा प्रश्न उभा राहिला. यादी करताना दिसले की जवळजवळ अर्ध्या किल्ल्या ‘निष्क्रिय’ अवस्थेत आहेत. व्हेंडरचा अभियंता म्हणतो की त्या आधीच काढून टाकल्या तर अपग्रेड हलके होईल. ऑडिटरही विचारतात की दर वर्षी किल्ली बदलता तर जुन्या कशाला ठेवता. त्या काढाव्यात का?

इंद्रायणीकाठ

कृपया काढू नका. किमान अपग्रेडपूर्वी तर एकही नको.

‘निष्क्रिय’ या शब्दाने गैरसमज होतो. केएमआयपीमध्ये किल्लीच्या अवस्था ठरलेल्या आहेत: सक्रियपूर्व, सक्रिय, निष्क्रिय, उघड झालेली, नष्ट केलेली, आणि उघड झाल्यावर नष्ट केलेली. निष्क्रिय किल्लीने नवा डेटा बंद करायचा नसतो, पण जुना उघडता येतो. त्यासाठीच ती ठेवलेली असते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेच्या ८००-५७ या मार्गदर्शक प्रकाशनातही, ज्याच्या पहिल्या भागाची पाचवी सुधारित आवृत्ती मे २०२० मध्ये आली, डेटा बंद करण्याचा काळ आणि तो उघडण्याचा काळ वेगळे धरले आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा लांब असू शकतो असे स्पष्ट म्हटले आहे. ऑडिटरांना हेच प्रकाशन दाखवा. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षे ठेवाव्या लागतात. त्या नोंदी ज्या टेपवर आहेत तिची किल्ली दोन वर्षांनी नष्ट केली तर नोंद ठेवली असे म्हणता येणार नाही.

किल्ली बदलली म्हणजे डेटा नव्या किल्लीखाली गेला, हाही समज तपासून घ्या. ओरॅकलच्या टीडीईत मास्टर किल्ली बदलली की टेबलस्पेसच्या किल्ल्या नव्या मास्टरखाली बांधल्या जातात. खुद्द डेटा पुन्हा एन्क्रिप्ट होत नाही, आणि आधीच्या बॅकअपला आधीचीच मास्टर किल्ली लागते. ॲप्लिकेशनमध्ये मात्र चांगली सोय करता येते. व्हॉल्टच्या ट्रान्झिट इंजिनात बंद केलेल्या मजकुराच्या सुरुवातीलाच किल्लीची आवृत्ती लिहिलेली असते, त्यामुळे कोणती नोंद कोणत्या आवृत्तीखाली आहे हे मोजता येते, मूळ मजकूर ॲप्लिकेशनला न दाखवता ती नव्या आवृत्तीखाली बांधता येते, आणि सगळ्या नोंदी पुढे गेल्यावर जुनी आवृत्ती उलगडण्यासाठीही बंद करता येते. तुमच्या दोन जावा ॲप्लिकेशनमध्ये असा आवृत्तीदर्शक उपसर्ग नसेल, तर या वर्षी एकच सुधारणा करायची ठरवल्यास ती हीच करा. तो नसेल तर किल्ली कधी नष्ट करावी या प्रश्नाला अंदाजाशिवाय उत्तर नाही.

दुसरी सुधारणा साधी आहे, पण वेळ खाते. प्रत्येक किल्लीला मालक विभाग, डेटाचा प्रकार आणि तो डेटा किती काळ ठेवायचा याची मुदत जोडा. हे एकट्याने बसून करायचे काम नाही. डेटाबेस, बॅकअप आणि कायदा या तिन्ही विभागांच्या माणसांना एका टेबलाशी बसवावे लागते. तसेच किल्ली-सर्व्हरचा प्रशासक आणि डेटाबेसचा प्रशासक एकच व्यक्ती असेल तर एन्क्रिप्शनने मिळालेले बरेचसे संरक्षण तिथेच संपते, तेव्हा अधिकार वेगळे करा.

जुन्या लॉगचेही पाहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग भारतात जपून ठेवावे लागतात, आणि अपग्रेडमध्ये किल्ली-सर्व्हरचे जुने ऑडिट लॉग पुढे येतीलच असे नाही. आधी ते बाहेर काढून घ्या.

क्वांटम संगणकांबद्दल तुम्हाला लवकरच विचारणा होईल, म्हणून दोन ओळी. एईएस-२५६ च्या किल्ल्या घाईने बदलण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो क्वांटम संगणकाला मोडता येईल अशा आरएसएचा, म्हणजे जिथे त्या किल्ल्या आरएसएने बांधून एका यंत्रणेतून दुसरीकडे पाठवल्या जातात तिथला, आणि टीएलएसचा. त्यासाठीचे एमएल-केईएम हे किल्ली-देवाणघेवाणीचे क्वांटम-सुरक्षित मानक, एफआयपीएस २०३, एनआयएसटीने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. नव्या आवृत्तीत आणि नव्या एचएसएम फर्मवेअरमध्ये ते कधी येणार, हे व्हेंडरला आताच लेखी विचारा, आणि तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये अल्गोरिदमचे नाव कोडमध्ये घट्ट बांधलेले असेल तर ते कॉन्फिगरेशनमध्ये आणा.

पायवाट (धागाकर्ता)

सर्वांना कळवतो. एकही निष्क्रिय किल्ली काढलेली नाही, आणि ते किती योग्य झाले हे काल कळले.

अजिंक्यतारा यांच्या सांगण्याप्रमाणे अपग्रेडच्या आधीच सर्वांत जुनी टेप वाचायला घेतली. ती २०१८ ची होती. लायब्ररीने किल्ली मागितली आणि सर्व्हरने अशी किल्ली नाही असे उत्तर दिले. थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. मग जुन्या रजिस्टरमध्ये नोंद सापडली की २०१९ पर्यंत टेपसाठी वेगळे उपकरण होते. ते मोडीत काढताना त्यातल्या किल्ल्या एका फाइलमध्ये काढून ठेवल्या होत्या, पण इकडे भरायच्या राहून गेल्या होत्या. फाइल तिजोरीतल्या पेन ड्राइव्हवर होती आणि पासवर्डचे दोन भाग दोन पाकिटांत. काल संध्याकाळी दोन साक्षीदारांसमोर पाकिटे उघडली. पहिल्यांदा साध्या नोंदणीने किल्ली भरली तेव्हा नवा ओळखक्रमांक मिळाला आणि लायब्ररीने टेप नाकारली. मग उत्पादकाच्या आयात-साधनाने मूळ क्रमांक राखून भरली, आणि रात्री साडेनऊला २०१८ च्या मार्च महिनाअखेरची फाइल वाचून झाली. उरलेल्या सगळ्या किल्ल्या याच पद्धतीने भरायच्या आहेत, म्हणून अपग्रेड दोन आठवडे पुढे ढकलले आहे आणि व्यवस्थापनानेही ते मान्य केले आहे.

कार्डधारकांचे पाचही पिन तपासून झाले. एक चुकीचा निघाला आणि ते कार्ड बदलून घेतले. मार्ग जागच्या जागीच ठरवला आहे. शुक्रवारी रात्री टेप बॅकअप थांबतील, किल्ली बदलण्याची वेळापत्रके बंद होतील आणि शनिवारी हैदराबादचा पहिला नोड घेऊ. नवी मुंबईचा दुसरा नोड जुन्या आवृत्तीवर बाजूला काढून ठेवणार आहोत. होस्ट रीबूटच्या चाचणीत काय दिसले ते इथेच लिहितो.